शिवलिंगप्पांचं ट्रोपोनिन

जुळे सोलापुरात तळमजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये माझा जनावरांचा दवाखाना आहे. बाहेरच्या पाटीवर ‘अतिदक्षता विभागाची सोय’ असं ठळक अक्षरात लिहिलंय, आणि ते वाचून आत डोकावणाऱ्यांना स्वयंपाकघर दिसतं. फ्लॅट घेतला तेव्हा ते स्वयंपाकघरच होतं, त्याला मी काय करू? ओट्यावर हृदयाचे ठोके दाखवणारा मॉनिटर आहे, देवघराच्या कोनाड्यात इंजेक्शनं आहेत आणि फ्रीजच्या जागी पेशंट असतो. लोक हसतात. मग एके दिवशी त्यांचंच कुत्रं गाडीखाली येतं आणि ते हसायचे थांबतात.

गेल्या श्रावणातली गोष्ट. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला दारात रिक्षा थांबली आणि तिच्यातून शिवलिंगप्पा, अक्कम्मा आणि दोघांच्या मधोमध बसून आलेली त्यांची शेळी असे तिघं उतरले. उतरले म्हणजे दोघं उतरले, शेळीला उतरवावं लागलं. शिवलिंगप्पा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. माईकवरून गाड्या पुकारण्यात जन्म गेल्यामुळे साधं ‘पाणी द्या’सुद्धा ते शेवटच्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणतात. अक्कम्मा कन्नड शाळेत शिक्षिका होत्या. शेळीचं नाव हेडबाई, कारण अक्कम्मांच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका चष्म्याच्या वरून जशा बघायच्या तशीच ही बघते. मुलगा गुरु पुण्याला नोकरीला, घरात ही दोघंच, तेव्हा हेडबाईचं त्या घरात काय वजन असेल ते सांगायला नको. आदल्या वर्षी लस टोचताना तिने माझ्याकडे असं बघितलं होतं की मी सुई हातात धरून उगाचच माझी पदवी आठवली.

त्या दिवशी ती कुणाकडेच बघत नव्हती. मान खाली, तोंडातून लाळ, कान गार, पोट फुगलेलं.

“काय खाल्लं हिनं?” मी विचारलं.

“काल श्रावणी सोमवार,” शिवलिंगप्पांनी पुकारलं. “हिनं हुग्गी केली. उरलेली वाटीभर शेळीला घातली. मी नको म्हणालो होतो.”

“अर्धी वाटी,” अक्कम्मा म्हणाल्या. “आन नको म्हणला नव्हता तुमी. तुमी घोरत होता.”

हुग्गी म्हणजे खपली गव्हाची गूळ घालून केलेली घट्ट खीर. माणसाला अमृत, पण शेळीच्या पोटात असलं धान्य जास्त गेलं की आंबतं आणि शेळी आडवी होते. मला एक वाईट खोड आहे. कारण सापडलं असं वाटलं की ते मी लगेच मोठ्याने बोलून टाकते. “हुग्गीनंच झालंय,” मी म्हणाले. “शेळीला कुणी खीर घालतं का?” अक्कम्मांचा चेहरा एवढासा झाला. शिवलिंगप्पांना मात्र पुरावाच मिळाला. त्या क्षणापासून त्यांनी बायकोशी बोलणं बंद केलं.

बंद म्हणजे काय, तर सगळं माझ्यामार्फत सुरू झालं. “डॉक्टरबाई, हिला सांगा, पिशवी द्यायला.” पिशवी अक्कम्मांच्या हातात, अक्कम्मा त्यांच्याशेजारी, आणि मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला शेळीची शीर शोधत होते. “डॉक्टरबाई, हिला सांगा, पंचेचाळीस वर्षांत माझं एक ऐकलं न्हाय.” अक्कम्मा हेडबाईच्या कपाळावरून हात फिरवत होत्या आणि दर थोड्या वेळाने मला एकच विचारत होत्या, “जगंल न्हवं?”

मी मॉनिटर लावला आणि माझंच तोंड बंद झालं. ठोके नुसते मंद नव्हते, त्यांना धरबंदच नव्हता. दोन ठोके, मग मोठी पोकळी, मग तीन ठोके घाईघाईने, मग पुन्हा पोकळी. अर्ध्या वाटी हुग्गीने पोट बिघडेल, हृदय असं भरकटणार नाही. शंका आली ती मी मनातच ठेवली. तेव्हाच बोलले असते तर पुढची निम्मी भानगड टळली असती. पण आधी एवढ्या ठासून बोलून बसले होते, की आता मागं फिरायचं म्हणजे अपमान वाटला. डॉक्टर लोक याला ‘निरीक्षणाखाली ठेवणं’ म्हणतात.

हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे का, हे ट्रोपोनिनवरून कळतं. हे प्रथिन स्नायूच्या पेशींत असतं. पेशी फुटल्या की रक्तात उतरतं. माणसाला हार्ट अटॅक आला की हीच तपासणी करतात. शेळीचं आणि माणसाचं ट्रोपोनिन बरंचसं सारखं असतं, म्हणून मी नमुना समोरच्या, माणसांसाठीच्या लॅबमध्ये पाठवते. लॅबच्या कॉम्प्युटरला शेळी हा प्रकार ठाऊक नाही. त्यामुळे फॉर्मवर मालकाचं नाव लिहायचं आणि खाली ठळक ‘शेळी’ लिहायचं, अशी आमची पद्धत. गेली दोन वर्षं ती सुरळीत चालू होती, कारण तो फॉर्म मी भरत होते.

त्या दिवशी माझे दोन्ही हात सलाईनमध्ये अडकले होते, म्हणून फॉर्म मल्लेशने भरला. मल्लेश माझा कंपाउंडर. पन्नाशीचा, पिसाळलेल्या कुत्र्याला न घाबरणारा, अक्षर मोत्यासारखं. त्याने मालकाचं नाव लिहिलं, शिवलिंगप्पांना विचारलं, “वय?”

“सदुसष्ट,” शिवलिंगप्पांनी पुकारलं.

मल्लेशने सदुसष्ट लिहिलं. पुढे पुरुष की स्त्री या रकान्यात समोर बघून पुरुष लिहिलं. फोन नंबर आमच्या रजिस्टरमधून उतरवला, तो निघाला गुरुचा, कारण पहिल्यांदा लस टोचायला शेळी तोच घेऊन आला होता. ‘शेळी’ लिहायचं तेवढं राहिलं. मी नंतर विचारलं तेव्हा मल्लेश शांतपणे म्हणाला, “बाई, शेळी तर समोरच दिसत होती की.”

साडेबाराला मी अक्कम्मांना घरी पाठवलं, हेडबाईची रोजची गोधडी आणायला. शिवलिंगप्पा स्टुलावर बसून राहिले. भिंतीवर ‘मोबाईल बंद ठेवा’ असं लिहिलंय. आजवर ते कुणीही पाळलेलं नाही. शिवलिंगप्पांनी वाचलं, आणि चाळीस वर्षं सरकारी सूचना पाळणाऱ्या माणसाने फोन बंद करून खिशात ठेवला.

सव्वाला लॅबचा रिपोर्ट तयार झाला. ट्रोपोनिन असायला हवं शून्याच्या आसपास, आलं सहाच्या वर. लॅबमधली मुलगी कामाला चोख. एवढा आकडा दिसल्यावर तिने नियमाप्रमाणे ताबडतोब फोन लावला, गुरुला. “तुमच्या वडिलांच्या हृदयाला गंभीर इजा झालीय. एक मिनिट न घालवता हॉस्पिटलात न्या.” गुरुने वडिलांना फोन केला, तो बंद. मग आईला केला. मग अक्कलकोटला आत्याला केला. मग साहेबांना सांगून रजा टाकली आणि मिळाली ती गाडी पकडली.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी हेडबाईचे ठोके मोजत होते.

दोनच्या आधी दार धाडकन उघडलं आणि अक्कम्मा आत आल्या. गोधडी छातीशी कवटाळलेली, पदर खांद्यावरून घसरलेला, फोन घरीच राहिलेला, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात नवऱ्याची. रिक्षा मिळाली नाही म्हणून धावत आल्या होत्या. पासष्ट वर्षांची बाई, भर दुपारच्या उन्हात. शिवलिंगप्पा स्टुलावर केळं खात होते.

अक्कम्मांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

“तुमी बसलाय?”

“मग काय करू?” शिवलिंगप्पा म्हणाले. घाईत ते बायकोशी बोलायचं नाही हे विसरले.

“छातीत?”

“कुणाच्या?”

अक्कम्मा चौकटीला टेकल्या. त्यांना दम लागला होता, तो पुरता खाली बसेपर्यंत त्यांनी नवऱ्यावरची नजर हलवली नाही. मग म्हणाल्या, “काय न्हाय,” आणि शेळीवर गोधडी घालून तिचे कोपरे नीट खोचत बसल्या. शिवलिंगप्पांना अबोला आठवला. “डॉक्टरबाई, हिला सांगा, माझी चप्पल घातलीय,” ते म्हणाले. त्या क्षणी मला त्यांना सलाईनच्या स्टँडला बांधून ठेवावंसं वाटलं.

साडेतीनला लॅबमधून रिपोर्टचा कागद हातात आला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेवढ्यात दवाखान्याचा नंबर शोधून गुरुचाही फोन आला. मी त्याला सगळं सांगितलं.

“म्हणजे बाबा?”

“बाबा केळं खातायत. दुसरं.”

“पण मी गाडीत बसलोय. दौंड गेलं.” मग त्याने हिशेब मांडला. “बाई, साहेबांना हार्ट अटॅक सांगून तीन दिवस रजा घेतलीय. आता उद्या कोणत्या तोंडाने जाऊ? कुर्डुवाडीला मित्र आहे, त्याच्याकडे उतरतो.” आणि तो खरोखरच उतरला. आत्याला मात्र त्याला कळवता आलं नाही, कारण आत्या जीपमध्ये होती आणि जीपमध्ये सगळे रडत होते.

जीप चारला आली. आत्या म्हणजे मल्लव्वा, शिवलिंगप्पांची थोरली बहीण, आणि तिच्यामागे सात माणसं, शहाळी आणि मोसंब्यांची गोणी. ‘अतिदक्षता विभाग’ ही पाटी वाचून ते सरळ स्वयंपाकघरात घुसले. “तम्मा!” मल्लव्वाने टाहो फोडला आणि भावाच्या गळ्यात पडली. भाऊ धडधाकट आहे, हे तिला उमगायला वेळ लागला, कारण ती त्याला उमगू देण्याइतकी दूर होतच नव्हती. सुटल्यावर शिवलिंगप्पांनी घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुकारलं, “मला काय झालेलं न्हाय. अटॅक शेळीला आलाय. हिनं हुग्गी घातली म्हणून.”

आठ जणांनी आधी शेळीकडे आणि मग अक्कम्मांकडे बघितलं. “शेळीला कुणी हुग्गी घालतं का, यव्वा?” मल्लव्वा म्हणाली. माझंच वाक्य होतं ते, शब्दही बदललेला नव्हता. अक्कम्मा खाली मान घालून गोधडीचा कोपरा खोचत राहिल्या, तो आधीच खोचलेला होता. मला स्वतःची लाज वाटली. तरीही मी गप्प राहिले, हे लिहून ठेवते.

हेडबाई आता उभीही राहत नव्हती. पोटाची हालचाल बंद, अंग गार. मी कॅल्शियमची बाटली काढली. धान्य खाऊन आडव्या झालेल्या शेळीला ते चढवतात, आणि कागदावर माझं निदान अजून हुग्गीच होतं. बाटली स्टँडला अडकवली, नळीतली हवा काढली, सुई जोडायला वाकले.

तेवढ्यात मल्लव्वाने पिशवीतून हार काढला. भावाच्या हृदयासाठी तिने निघताना महादेवाच्या देवळातून उतरवलेला हार मागून आणला होता, लाल कण्हेरीचा, मध्ये मध्ये कण्हेरीचीच हिरवी पानं गुंफलेला. शिवलिंगप्पांनी तो दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांना लावला, कपाळाला लावला. आणि मग सवयीने, माझ्याशी मुलाबद्दल बोलता बोलताच, खाली वाकून हेडबाईच्या तोंडापुढे धरला.

मी तो हिसकावला तेव्हा फुलं सगळ्या ओट्यावर उडाली.

“काय करताय?”

“निर्माल्य हाय हो,” ते गोंधळून म्हणाले. “पायाखाली येऊ नये. गावाकडं आई गाईला घालायची. आता जुळे सोलापुरात गाय कुटं, विहीर कुटं? कचऱ्याच्या गाडीत टाकवत न्हाय. रोज हिलाच देतो.”

“रोज कण्हेर?”

“रोज शेवंती. काल सोमवार होता ना, शेजारच्यांनी कण्हेर छाटली, तर फांद्याच्या फांद्या दिल्या. पिंडी पार झाकून टाकली. आज सकाळी सातला समदं हिला…”

पुढचं त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाचा आवाज बाजूच्या माणसापर्यंत पोचला नाही.

कण्हेरीचं पानन् पान विषारी असतं, आणि ते विष नेमकं हृदयावर जातं. ट्रोपोनिन का चढलं, ठोके का भरकटले, सगळं जुळलं. आणि या विषात कॅल्शियम देऊ नये, हृदय बंद पडू शकतं, हे आम्हाला कॉलेजात शिकवतात. मी स्टँडवरची बाटली काढून बाजूला ठेवली. सुई जोडली असती तर शेळी माझ्या हातून गेली असती, आणि तीही हुग्गीच्या नावावर.

त्यानंतर बडबड नव्हती. मल्लेशने कोळशाची पूड पाण्यात कालवली, ती नळीने पोटात घातली, म्हणजे उरलेलं विष तिथेच धरून ठेवता येतं. ठोक्यांसाठी अॅट्रोपिन दिलं. अक्कलकोटच्या सात जणांना बाहेर काढलं, त्यांनी पायरीवर बसून शहाळी फोडली. अक्कम्मा नवऱ्याला एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं होतं त्या आता सगळं वसूल करतील, आणि त्यांचा हक्कही होता. पण त्या हेडबाईचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, आणि शिवलिंगप्पा समोर, हातात एक चुरगळलेलं फूल धरून. ते कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं.

बुधवारी सकाळी आठला हेडबाई उभी होती. तोंड कोळशाने काळंकुट्ट, दाढीवर पूड वाळलेली, आणि नजर चष्म्याच्या वरून. मॉनिटरवर ठोके ओळीने चालले होते, मध्ये पोकळी नाही. रक्त पुन्हा पाठवलं, या वेळी फॉर्म मी भरला. ट्रोपोनिन निम्म्याहून खाली उतरलं होतं. मल्लव्वाची मंडळी घरून चहा पिऊन आली होती. हेडबाईने त्यातल्या एकाच्या हातातलं मोसंब्याचं साल ओढून घेतलं आणि कुणाची परवानगी न घेता चावायला लागली.

मी अक्कम्मांना म्हणाले, “हुग्गीचा काही दोष नव्हता. मी न बघता बोलले. माझं चुकलं.”

“तुमी डॉक्टर हाय, तुमी पटकन म्हणता,” अक्कम्मा म्हणाल्या. “मला दुसऱ्याकडनं ऐकायचंय.”

शिवलिंगप्पा पुढे आले. दोनदा घसा साफ केला. मग हेडबाईकडे बघत म्हणाले, “माझं चुकलं.”

“तिला काय कळतंय?” अक्कम्मा म्हणाल्या. “हिकडं बघून बोला.”

ते वळले. बहीण होती, मेहुणे होते, मल्लेश होता, मी होते. एवढ्या माणसांत त्यांनी बायकोकडे बघितलं. “माझं चुकलं, अक्कम्मा. शेळीला मी घातलं. तुझं नाव उगंच घेतलं.” हे काही त्यांनी पुकारलं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. मल्लव्वाने डोळ्यांना पदर लावला.

अक्कम्मांनी मान हलवली. माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या. “डॉक्टरबाई, ह्यांचं बी बघा.”

“अहो, मी जनावरांची डॉक्टर आहे.”

“तेवढं ऐका. कानाला लावून.”

शिवलिंगप्पा काहीतरी बोलणार होते, पण बायकोचा चेहरा बघून गुमान शर्टची बटणं सोडून शेळीशेजारी उभे राहिले. मी स्टेथोस्कोप त्यांच्या छातीला लावला. ठोके जरा जोरात होते, पण एकही चुकत नव्हता. “ठीक आहे,” मी म्हणाले.

“परत ऐका.”

मी परत ऐकलं, पूर्ण मिनिटभर, हातातल्या घड्याळावर. “अगदी ठीक आहे. डोक्याच्या डॉक्टरांना हवं तर दाखवा.”

कुणी हसलं नाही. अक्कम्मा चाऱ्याच्या पोत्यावर बसल्या, तोंडाला पदर लावला आणि हुंदके देऊन रडायला लागल्या. दोन दिवसांत, एवढं सगळं अंगावर घेऊनही, डोळ्यांतून टिपूस न काढलेली बाई. शिवलिंगप्पा उघड्या शर्टाने तिच्यापुढे उकिडवे बसले, हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला.

“आता कशाला रडतीस?” ते म्हणाले. “शेळी बरी हाय, मी बी बरा हाय की.”

“रडू द्या मला,” अक्कम्मा म्हणाल्या. “काल गुरुचा फोन आल्यापासनं रडायचं राहिलंय.”